फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा: पोर्ट्रेटचा उजेड आणि समोरचं माणूस

घरातला लग्नाचा जुना अल्बम काढून बघा. स्टेजवर उभी असलेली माणसं, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरी चकाकी, चपटे चेहरे आणि मागच्या पडद्यावर प्रत्येकाच्या कडेने काळीकुट्ट सावली. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला असायचा, म्हणजे लेन्स जिथून बघत होती जवळजवळ तिथूनच उजेड येत होता. चेहऱ्याचा उंचसखलपणा आपल्याला कळतो तो सावल्यांमुळे: नाकाची गालावर पडणारी सावली, डोळ्यांच्या खोबणीतला अंधार, हनुवटीखालची रेघ. उजेड आणि नजर एकाच रेषेत आली की या सावल्या नाकाच्या, हनुवटीच्या मागे लपतात आणि कॅमेऱ्याला दिसतच नाहीत.

फ्लॅश काढून हातभर बाजूला धरला की त्या परत येतात. ऑफ-कॅमेरा फ्लॅश म्हणजे मुळात एवढंच. सामानही फार लागत नाही: एक साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसतो तो छोटा फ्लॅश, तो दुरून उडवायला रेडिओ ट्रिगर, एक स्टँड आणि उजेड पसरवायला पांढरी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाचं तोंड असलेली पेटी. अवघड आहे ते उजेडाचं गणित. आणि त्याच्याइतकंच महत्त्वाचं, पण क्वचितच सांगितलं जाणारं काम म्हणजे ते गणित समोरच्या माणसापर्यंत पोचवणं. स्टँड कुठे ठेवायचा हे फोटोग्राफर ठरवतो. पण त्या उजेडात चेहरा किती वळवायचा, हनुवटी किती उचलायची, हे मॉडेलच्या हातात असतं. तिला उजेड कुठून येतोय हेच माहीत नसेल, तर फोटोचा अर्धा भाग नशिबावर सोडल्यासारखं होतं.

दिशा

लाइट मॉडेलच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा हातभर वर ठेवा. नाकाची सावली तिरकी खाली उतरते. चेहरा थोडा आणखी वळला की ती सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चित्रांत हा त्रिकोण दिसतो, म्हणून या प्रकाशयोजनेला त्याचंच नाव पडलं. लाइट थेट समोर आणि उंच नेला तर नाकाखाली लहानशी सावली पडते आणि गालाची हाडं उठून दिसतात. १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडच्या नटनट्यांचे फोटो बहुतांशी असे आहेत. लाइट अगदी बाजूला नेला तर अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात.

यासाठी दरवेळी स्टँड हलवावा लागत नाही. लाइट जागच्या जागी ठेवून मॉडेलने फक्त मान वीसेक अंश वळवली तरी एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाता येतं. फ्लॅशच्या बाबतीत अडचण अशी, की हे होताना दोघांनाही दिसत नाही. बल्ब पेटत नाही तोवर उजेडच नसतो आणि पेटला तरी सेकंदाच्या अगदी लहान हिश्शात विझतो. म्हणून मी सांगेन, पहिल्या फोटोआधी मोबाइलचा टॉर्च लावून सॉफ्टबॉक्सच्या जागी धरा आणि मॉडेलला दुसऱ्या मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा बघू द्या. ती मान फिरवेल, त्रिकोण येताना-जाताना बघेल. तिने नथ घातली असेल तर नथीची सावली ओठावर कधी पडते आणि कधी गालावर सरकते, हेही तिचं तिलाच दिसेल. एवढं झालं की नंतर "नाक लाइटकडे", "हनुवटी जरा खाली" इतकं बोललं तरी पुरतं.

लाइटचा आकार आणि अंतर

भर उन्हातल्या सावल्यांच्या कडा धारदार असतात, ढगाळ दिवशी सावलीच दिसत नाही. सूर्य प्रचंड मोठा असला तरी इथून आपल्याला तो एक ठिपका दिसतो. ढग आले की अख्खं आकाश उजेड देतं. उजेड मऊ की कडक हे ठरतं ते मॉडेलच्या जागेवरून लाइट किती मोठा दिसतो त्यावर. ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ६० सेंटीमीटरवर असेल तर उजेड छान मऊ येतो. तोच तीन मीटर मागे नेला की तो कडक होतो, आणि महागडा सॉफ्टबॉक्स वापरल्याचा फारसा उपयोग उरत नाही. नवशिक्यांचा कल लाइट दूर ठेवण्याकडे असतो, तो फ्रेममध्ये येईल या भीतीने. येऊ द्या, फ्रेमच्या कडेपर्यंत आणा आणि मग बोटभर मागे घ्या.

अंतराचा दुसरा परिणाम पार्श्वभूमीवर होतो. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो: अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. समजा भिंत मॉडेलच्या मागे दोन मीटरवर आहे. लाइट मॉडेलपासून एक मीटरवर ठेवला तर भिंत लाइटपासून तीन मीटरवर, म्हणजे भिंतीवर चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढा उजेड पडतो. पांढरी भिंतसुद्धा गडद राखाडी दिसते. तोच लाइट तीन मीटर मागे घेतला तर भिंत पाच मीटरवर येते आणि प्रमाण ९ ला २५ होतं; चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड भिंतीला मिळतो आणि ती बऱ्यापैकी उजळ दिसते. भिंतीला हात न लावता तिचा रंग बदलतो. घरच्या हॉलमध्ये काळा पडदा नसतानाही काळी पार्श्वभूमी आणता येते ती याच हिशेबाने.

एका फोटोत दोन एक्स्पोजर

हा भाग समजला की ऑफ-कॅमेरा फ्लॅशची भीती जाते, म्हणून इथे जरा थांबू.

फ्लॅश वापरून बाहेर काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन वेगळे उजेड असतात: आकाशाचा किंवा दिव्यांचा सतत असणारा उजेड, आणि फ्लॅशचा क्षणभराचा. शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड पडू देणारा पडदा, १/६० सेकंद उघडं राहो की १/२५०, फ्लॅश त्या वेळातला अगदी छोटा तुकडाच पेटलेला असतो. त्यामुळे शटर स्पीड बदलला की आकाश उजळतं किंवा काळवंडतं, पण फ्लॅशने उजळलेला चेहरा तसाच राहतो. ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड; ते एफ/४, एफ/११ असं लिहितात, आकडा मोठा तितकं तोंड लहान) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो ते) दोन्ही उजेडांवर सारखा परिणाम करतात. फ्लॅशची पॉवर आणि त्याचं अंतर फक्त चेहऱ्यावर.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर संध्याकाळी पोर्ट्रेट करायचं आहे असं धरू. सूर्य नुकताच मावळलाय. फ्लॅश बंद ठेवून कॅमेरा आकाश मोजतो: आयएसओ २००, एफ/४, १/६०. एवढ्यावर आकाश फिकट, निर्जीव येतं. शटर १/२५० करा, म्हणजे दोन स्टॉप कमी; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. आता आकाश गडद, ढगांना आकार, नदीच्या पाण्यात रंग. मॉडेल मात्र जवळजवळ अंधारात. मग सॉफ्टबॉक्स मीटर-सव्वा मीटरवर आणा, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/३२ पॉवरवर उडवून बघा आणि चेहरा बरोबर येईपर्यंत पॉवर वर-खाली करा. ते एकदा जुळलं की फ्लॅशला हात लावायचा नाही. आकाश विझत जाईल तसं फक्त शटरचं चाक फिरवायचं, १/२५० वरून १/१२५, मग १/६०. चेहरा तसाच राहील, मागचं आकाश हवं तितकं गडद ठेवता येईल.

आपल्याकडे यात घाई करावी लागते. लंडनमध्ये उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर पाऊण तास उजेड रेंगाळतो, म्हणून तिकडच्या व्हिडिओंत फोटोग्राफर निवांत स्टँड लावताना दिसतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर हे सगळं २० ते २५ मिनिटांत आटोपतं. स्टँड, ट्रिगर, पॉवर, मॉडेलची जागा हे सगळं सूर्य वर असतानाच जुळवून ठेवा.

घाटाचा दगड काळा बेसॉल्ट आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत उजेड इकडेतिकडे आपटून चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूलाही थोडा पोचतो. काळा दगड तो गिळून टाकतो आणि सावलीची बाजू ठार काळी पडते. चार-पाचशे रुपयांच्या रिफ्लेक्टरने किंवा थर्माकोलच्या एका शीटने ती भरून निघते. शूटिंगच्या सेटवर थर्माकोल धरून उभी असलेली मुलं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे नवीन नाही. अशा जुन्या जागी जाण्याआधी परवानगीचं मात्र विचारून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत मोबाइलने फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड-स्टँड उभे करणं वेगळं. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

शटर १/२५० च्या पुढे का न्यायचं नाही? बहुतेक कॅमेऱ्यांच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून झाकत जातो. साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा येतो की अख्खा सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश नेमका तेव्हा पेटतो. त्याहून वेग वाढवला तर पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा निघालेला असतो. सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते आणि फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. हायस्पीड सिंक हा त्यावरचा उपाय. त्यात फ्लॅश एकदा जोरात पेटण्याऐवजी फट सरकेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. पण ताकद विभागली जाते आणि उजेड बराच कमी पडतो.

फ्लॅशची ताकद अपुरी पडते हे भर दुपारी तर हायस्पीड सिंकशिवायही जाणवतं. कडक उन्हात आयएसओ १०० आणि १/२५० ला कॅमेरा एफ/११ च्या आसपास मागतो. आकाश एक स्टॉप गडद करायचं तर एफ/१६. आता स्पीडलाइटच्या खोक्यावर गाइड नंबर ६० छापलेला असतो. त्याला एफ नंबरने भागलं की मीटरमध्ये अंतर मिळतं. पण तो ६० फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरपर्यंत झूम केल्यावरचा असतो, म्हणजे उजेडाचा अरुंद झोत. सॉफ्टबॉक्समध्ये घातल्यावर जेमतेम एखाद्या मीटरवरून, पूर्ण पॉवरला, तो कसाबसा पोचतो. दर फोटोनंतर काही सेकंद थांबावं लागतं आणि फ्लॅश तापतो तो वेगळाच. भर दुपारी बाहेर काढायचेच असतील तर २०० वॅट-सेकंद ताकदीचा बॅटरीवरचा फ्लॅश घ्या, नाहीतर झाडाच्या सावलीत जा. माझं मत विचाराल तर सावलीत जा. मॉडेलचे डोळेही मिटमिटणार नाहीत.

रंगाचं एक छोटं तंत्र इथेच सांगून टाकतो. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ३२०० केल्विनला न्या. चेहरा नेहमीसारखा दिसतो आणि संध्याकाळचं फिकट आकाश गर्द निळं होतं. यात एडिटिंगचा काही भाग नाही.

सावळी त्वचा, पैठणीची जर आणि उजेडाचं मोजमाप

ऑटोमॅटिक फ्लॅश, म्हणजे टीटीएल, आधी एक छोटा झोत टाकून परत येणारा उजेड मोजतो आणि समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असावं असं धरून चालतो. काळ्या साडीतली मॉडेल असेल तर तो जास्त उजेड फेकतो, पांढऱ्या कुर्त्यात असेल तर कमी. सावळ्या चेहऱ्याला तो फाजील उजळ करून टाकतो. शिवाय त्या आधीच्या झोताने काही जणांचे डोळे मिटतात आणि फोटोत बंदच येतात. पोर्ट्रेटसाठी मॅन्युअल फ्लॅश वापरा, हे मी आग्रहाने सांगेन.

त्वचेचा रंग हा माझ्यासाठी फार जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकची रंग जुळवायची 'शर्ली कार्डं' अनेक वर्षं गोऱ्या बाईच्या चेहऱ्यावर बेतलेली होती, आणि आपल्याकडच्या स्टुडिओंनी तर गोरं करून देणं हीच सेवा मानली. सावळ्या त्वचेला जास्त उजेड लागत नाही, मोठा आणि नीट कोनात ठेवलेला लाइट लागतो. सावळी त्वचा एकूण उजेड कमी परतवते, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावरची झळाळी जास्त ठळक दिसते. गालाच्या हाडावरची, खांद्यावरची, नाकाच्या कडेची ही झळाळीच चेहऱ्याला आकार देते. सॉफ्टबॉक्स मोठा आणि बाजूला असेल तर ती रुंद, मऊ पसरते. छोटा लाइट समोरून मारला तर तेलकट ठिपके दिसतात. एक्स्पोजर तसंच ठेवून लाइटचा कोन बदलत राहा आणि गालावर बघा. फरक डोळ्यांना लगेच कळतो.

पैठणीच्या पदरातली जर, म्हणजे सोनेरी तार, हीच गोष्ट आणखी स्पष्ट दाखवते. ही जर धातूसारखी वागते, ज्या कोनात उजेड येतो त्याच कोनात तो परतवते. पदर एका कोनात धरला तर मळकट पिवळा दिसतो, मनगट जरा फिरवलं की त्यात सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब उतरतं आणि सगळे मोर उजळतात. पदर धरणारा हात मॉडेलचा असतो, म्हणून ही युक्ती तिला सांगायलाच हवी. चष्म्याच्या काचेवर लाइट दिसत असेल तर हेच उलटं करायचं: लाइट वर न्या किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायला सांगा.

कथक नर्तकी आणि अर्धा सेकंद

मॉडेल आणि फोटोग्राफर बरोबरीने काम करतात म्हणजे काय, हे नृत्याच्या पोर्ट्रेटमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं. समजा कथकची चक्करं घेतानाचा फोटो हवा आहे: घेराची वाहती रेष दिसावी आणि चेहरा मात्र लख्ख यावा. खोलीत मंद पिवळा दिवा ठेवा, शटर अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात पिवळ्या उजेडात घेर फिरून धूसर रेषा उमटते आणि फ्लॅश एका क्षणाला तिला गोठवतो. फ्लॅश सुरुवातीला पेटला तर धूसर रेष नर्तकीच्या पुढे पळताना दिसते, जणू ती उलटी फिरतेय. म्हणून कॅमेऱ्यात रिअर कर्टन सिंक लावायचं, म्हणजे फ्लॅश शेवटी पेटतो आणि रेष मागे राहते. प्रत्येक ट्रिगरला ही सोय नसते, आधी तपासून घ्या.

फ्लॅशची पॉवर कमी ठेवा. स्पीडलाइट पूर्ण पॉवरला साधारण १/३०० ते १/१००० सेकंद पेटतो, पॉवर कमी केली की दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी. हात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरत असेल तर १/३०० सेकंदात तो दीड सेंटीमीटरहून जास्त सरकतो आणि बोटं पुसट होतात. १/१०,००० सेकंदात तो सरकतो अर्धा मिलिमीटर. बोटं आणि घुंगरू स्पष्ट येतात.

पण बटण कधी दाबायचं? फ्लॅश अर्ध्या सेकंदाने पेटणार, तेव्हा नर्तकी चक्करं संपवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते त्याच्या अर्धा सेकंद आधी. ती सम फोटोग्राफरला डोळ्यांनी पकडता येत नाही, ऐकावी लागते. तिने आधी तिहाई (समेवर येण्यासाठी तीनदा म्हटला जाणारा बोल) म्हणून दाखवावी, टाळी देऊन मात्रा मोजाव्यात, फोटोग्राफरने चार वेळा कॅमेरा न उचलता नुसतं ऐकावं. उलट तिला सांगावं की लाइट तुझ्या उजव्या हाताला आहे, थांबताना चेहरा त्या बाजूला ठेव, आणि या खडूच्या खुणेवर थांब, कारण हातभर पुढे आलीस तर उजेड दीडपट होईल. मग चक्करं किती घ्यायची, दम घ्यायला कधी थांबायचं, कुठला क्षण नाचाच्या दृष्टीने चुकीचा आहे म्हणून टाकून द्यायचा, हे ती ठरवते. हस्तक, म्हणजे हातांची ठेवण, अर्धवट असलेला फोटो उजेडाने कितीही सुंदर असला तरी तिच्यासाठी तो चुकीचा आहे, आणि तिचंच ऐकायला हवं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या पिढीला एका फ्लॅशबल्बवर एकच फोटो मिळायचा. आपल्याला प्रत्येक फोटो लगेच पडद्यावर दोघांनी मिळून बघता येतो. ही चैन वापरावी.

विश्वास आणि कागद

नवे फोटोग्राफर आणि नव्या मॉडेल्स बऱ्याचदा टीएफपीवर काम करतात: कोणी कोणाला पैसे देत नाही, दोघांनाही पोर्टफोलिओसाठी फोटो मिळतात. पैसे नसले म्हणून बाकीचं ढिलं ठेवायचं कारण नाही. जागा, वेळ, कपडे, फोटोचा प्रकार हे सगळं आधी लिहून कळवा आणि सोबत कोणी आणायचं असेल तर आणा, हे आपणहून सांगा. कपडे बदलायला बंद जागा हवी, परतीच्या प्रवासाचा विचार हवा. केसाची बट बाजूला करायची असली तरी विचारूनच, शक्यतो तिलाच करायला सांगून. लुकलुकत्या उजेडाने फिट येण्याचा त्रास आहे का, हेही आधी विचारा.

हक्कांचा भाग बोलून ठेवायचा नसतो, लिहायचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला हक्क सहसा फोटोग्राफरचा. पण कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे तो हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. टीएफपीत फोटो हाच मोबदला मानायचा का, यावर नंतर वाद घालण्यापेक्षा एक पान आधी लिहिलेलं बरं. त्यात किती फोटो आणि किती दिवसांत, कच्च्या फाइल्स द्यायच्या की नाही, कोण कुठे टाकू शकतं, श्रेय कसं द्यायचं, कोणी फिल्टर लावू शकतं का, आणि कुठले फोटो मॉडेल नाकारू शकते, हे असावं. जाहिरातीसाठी वापर करायचा तर मॉडेल रिलीज, म्हणजे त्या वापराला मॉडेलची लेखी परवानगी, वेगळं घ्यावं, त्याचे पैसेही वेगळे ठरवावेत. मॉडेल १८ वर्षांखालची असेल तर तिची सही पुरत नाही. आई-वडील किंवा पालकांनी सही करायची, आणि शूटच्या पूर्ण वेळ त्यांच्यापैकी कोणीतरी तिथे हजर हवं.